छापखाना, कॅमेरा आणि फाळके

मराठी चित्रपटाचे मूळ रंगभूमीतच शोधण्याची आपल्या समीक्षेला सवय जडली आहे. दादासाहेब फाळके यांचा प्रवास निराळी साक्ष देतो. गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय, लोणावळ्यात रविवर्म्याच्या चित्रांच्या शिळाछपाईचे काम आणि मगच चलच्चित्र, हा क्रम केवळ चरित्रात्मक नव्हे. शिळाछापाने देवदेवतांची एकच प्रतिमा असंख्य घरांत नेली. ज्यांना गाभाऱ्याचा उंबरठा वर्ज्य होता, त्यांच्याही. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पाहणाऱ्या प्रेक्षकाची नजर अशा चित्रांवर घडलेली होती. आरंभीच्या दृश्यात राजा रोहिदासाला धनुर्विद्या शिकवतो, तारामती पाहते. पात्रे जणू तसबिरीत बसवलेली आहेत. या स्थिरतेची नाटकी म्हणून होणारी हेटाळणी मला अन्यायकारक वाटते. वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून फाळक्यांनी १९१२ सालीच पडद्यावर दाखवली होती. गतीचे मर्म त्यांना पुरते ठाऊक होते. तसबीर त्यांनी जाणून निवडली, असेच मानावे लागते. उपलब्ध रिळे १९१३ची की १९१७च्या पुनर्निर्मितीची, हा वाद मिटलेला नाही. ती नंतरची असतील, तर चार वर्षांच्या अनुभवानंतरही फाळक्यांना हीच मांडणी हवीशी वाटली, असे ठरते.