बंड दिसते, गाणे ऐकू येत नाही

रॉक संगीताच्या इतिहासावरची पुस्तके मराठी वाचकांच्या हाती सहसा पडत नाहीत. पडली तरी ती आपल्यासाठी नाहीत, असे समजून बाजूला ठेवली जातात. रॉक म्हटले की केस वाढवलेली मुले आणि कानठळ्या बसवणारा आवाज एवढे चित्र आपल्याला पुरते. पण गेल्या काही वर्षांत या विषयावर आलेली निदान तीन इंग्रजी पुस्तके अशी आहेत की त्यांतील गाणारी-वाजवणारी माणसे मुस्लिम समाजातील आहेत. मार्क लेव्हाइन यांचे 'हेवी मेटल इस्लाम' २००८ साली आले, सलमान अहमद यांचे आत्मचरित्र 'रॉक अँड रोल जिहाद' २०१० साली, आणि तुर्कस्तानातील रॉकवरचे डॅनियल स्पायसर यांचे पुस्तक २०१८ साली. नावे वाचूनच पहिली दोन पुस्तके कोणत्या बाजारात विकायला काढली होती याची कल्पना यावी. ती वाचून आम्हांला जे वाटले ते येथे मांडत आहोत. त्यासाठी आधी एका वेगळ्याच पुस्तकाकडे जावे लागेल, कारण मोजायचे तर हातात माप हवे.

ते माप म्हणजे मायकेल अझेराड यांचे 'अवर बँड कुड बी युअर लाइफ' हे २००१ सालचे पुस्तक. १९८१ ते १९९१ या काळातील अमेरिकेतल्या तेरा बँडची ही कहाणी. मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या बाहेर राहून, एका जुन्या व्हॅनमध्ये वाद्ये आणि माणसे कोंबून गावोगाव कार्यक्रम करणारी ही मंडळी. या पुस्तकातले मिनटमेन या बँडचे प्रकरण आम्हांला सर्वांत मोलाचे वाटले. लॉस एंजलिसजवळच्या सॅन पेड्रो या बंदराच्या गावातील साध्या घरांतली ही तीन मुले. त्यांनी काटकसरीलाच आपले व्याकरण केले. ध्वनिमुद्रण करायचे ते रात्री, स्टुडिओचे दर उतरल्यावर. टेप घ्यायची ती कुणीतरी आधी वापरलेली. गाणी तबकडीवर ज्या क्रमाने यायची त्याच क्रमाने वाजवायची, म्हणजे टेप कापण्या-जोडण्याचा खर्च वाचतो. त्यांच्या पहिल्या तबकडीवर सात गाणी आहेत आणि ती सर्व मिळून सात मिनिटेसुद्धा भरत नाहीत. गाणे इतके आखूड का, या प्रश्नाचे उत्तर खिशातही आहे आणि कानातही आहे. अझेराड ही दोन्ही उत्तरे एकाच परिच्छेदात देतात. डी. बून हा त्यांचा गायक-गिटारवादक डिसेंबर १९८५ मध्ये व्हॅनच्या अपघातात २७ व्या वर्षी गेला, तेव्हा वाचकाला आपल्या ओळखीचा मुलगा गेल्यासारखे वाटते. कारण हा मुलगा कसा वाजवत होता, गिटारचा आवाज मुद्दाम पातळ ठेवून मित्राच्या बास गिटारला जागा कशी करून देत होता, हे वाचकाने तोवर ऐकलेले असते.

हे पुस्तक निर्दोष नाही. बँड मोठ्या कंपनीकडे गेला की लेखकाचे लक्ष उडते, जणू बँड तेथेच संपला. आणि बॅड ब्रेन्स या वॉशिंग्टनच्या काळ्या मुलांच्या बँडला त्यात स्वतंत्र प्रकरण नाही. त्यांच्याकडे पाहत शिकलेल्या गोऱ्या मुलांना मात्र आहे. इतिहासात कुणाला प्रकरण मिळते आणि कुणाला ओझरता उल्लेख, हा हिशेब आपल्यासारख्यांना शिकवावा लागत नाही. तरीही अझेराड एक गोष्ट सोडत नाहीत. ही माणसे आधी वादक आहेत, मग बाकी सारे.

आता लेव्हाइन यांच्याकडे वळू. ते कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक आणि स्वतः गिटारवादक. मोरोक्को, इजिप्त, इस्रायल-पॅलेस्टाइन, लेबनॉन, इराण आणि पाकिस्तान अशी एकेक प्रकरणाची यात्रा त्यांनी केली. तेथील मुलांबरोबर बसले, वाजवले. त्यांच्या हेतूबद्दल आम्हांला शंका नाही. मुस्लिम देशांतील तरुण म्हणजे एक तर दाढीवाला अतिरेकी, नाही तर व्हिसाच्या रांगेतला, एवढेच दाखवणाऱ्या त्या वर्षांत त्यांनी तिसरे चित्र पुढे ठेवले. हे काम लहान नाही.

त्यांच्या विषयात नाट्यही भरपूर आहे. जानेवारी १९९७ मध्ये इजिप्तमध्ये शंभराच्या आसपास मुलामुलींना सैतानाची पूजा करतात म्हणून उचलले गेले. वर्तमानपत्रांनी रान उठवले, मुफ्तींनी तौबा करण्यास फर्मावले आणि पुराव्याअभावी सर्वांना सोडावे लागले. २००३ च्या सुरुवातीस कासाब्लांकात चौदा मेटलवाल्यांवर खटला झाला. काळे टी-शर्ट आणि सीडी पुरावा म्हणून कोर्टात आल्या, शिक्षा झाल्या, लोक रस्त्यावर आले आणि अपिलात बहुतेकांची सुटका झाली. त्याच वर्षी १६ मे रोजी त्याच शहरात आत्मघातकी स्फोट झाले. सरकार धोका कुठे शोधत होते आणि तो कुठे होता, हे सांगायला वेगळ्या टीकेची गरज उरली नाही.

अशी सामग्री हाती असताना लेखक तिच्या मागे वाहत गेला तर नवल नाही. पण वाहत गेला, हे म्हटलेच पाहिजे. या पुस्तकाचे उपशीर्षकच रॉक, प्रतिकार आणि इस्लामच्या आत्म्यासाठीचा संघर्ष असे आहे. त्यामुळे पानापानावर एकच प्रश्न पुढे येतो : या मुलांना वाजवू दिले जाते की नाही? ती काय वाजवतात, हा प्रश्न मागे पडतो. अरबी मकामातील काही सूर गिटारच्या पट्टीवर, दोन पडद्यांच्या मध्ये, कुठे तरी हरवतात. मेटलचा वादक त्या सुरांचे काय करतो? तार ओढून काढतो, की सोडून देतो? गाणे इंग्रजीत लिहायचे की दारिजात, म्हणजे घरातल्या अरबीत, यावर बँडमध्ये भांडणे होतात का? तालमीची जागा कुणाची, ड्रमसेट कुणाच्या बापाच्या पैशाचा? अशा गोष्टी या पुस्तकात येतात, पण वाटेत भेटलेल्या माणसासारख्या. लेखकाला पुढची गाडी पकडायची असते. एका देशाला एक प्रकरण म्हटल्यावर दुसरे काय होणार! अझेराड यांनी एका देशातल्या एका दशकाला तेरा प्रकरणे दिली. येथे मोरोक्कोपासून पाकिस्तानपर्यंतचा पट्टा सहा प्रकरणांत बसवला आहे. पुढे २०२२ साली लेव्हाइन यांनी 'वुइल प्ले टिल वुइ डाय' हे दुसरे पुस्तक काढून अरब देशांतील उठावांनंतरचे दशक त्यात घेतले. पण पहिल्या पुस्तकाने घालून दिलेली वाचनाची सवय आता आमच्यापर्यंतही आली आहे. मुस्लिम मुलाच्या हातात गिटार दिसली की आपणही आधी बंड शोधतो.

ही तक्रार आम्हांला इतकी जवळची का वाटते, हे या वार्षिकाच्या वाचकांना सांगायला नको. मुस्लिम माणसाने मराठीत कथा लिहिली की समीक्षक तिच्यात तलाक, बुरखा आणि मोहल्ला शोधतात आणि सापडले की समाधानाने परीक्षण संपवतात. वाक्य कसे आहे, संवाद कुठल्या बोलीत आहे, कथा शेवटी कुठे अडखळली, हे कुणी सांगत नाही. कौतुक होते ते धाडसाचे. धाडसाचे कौतुक फुकट मिळते, कारण त्यासाठी कथा नीट वाचावी लागत नाही.

सलमान अहमद यांचे आत्मचरित्र आतून लिहिलेले आहे. त्यामुळे तेथे तरी गाणे ऐकू येईल, अशी आमची अपेक्षा होती. ती काही अंशी पुरी झाली. लाहोरचा हा मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे न्यू यॉर्कजवळ वाढला, १९७७ साली त्याने लेड झेपेलिनचा कार्यक्रम पाहिला आणि मग वैद्यकीचे शिक्षण घ्यायला लाहोरला परतला. तेव्हा झिया-उल-हक यांची राजवट होती. कॉलेजच्या एका कार्यक्रमात धर्माच्या नावाने आलेल्या विद्यार्थ्यांनी त्याची गिटार फोडली. तो पुढे व्हायटल साइन्समध्ये गेला आणि १९९० मध्ये त्याने जुनून उभा केला. अली अजमत यांचा आवाज आणि ब्रायन ओकॉनेल या अमेरिकन शाळासोबत्याची बास गिटार त्याच्या जोडीला होती. १९९७ च्या 'आझादी' या अल्बमने हा बँड आपल्याकडेही घराघरांत पोचवला. १९९८ मध्ये तो भारतात येऊन गेला, आणि त्याच वर्षीच्या अणुस्फोटांविषयी केलेली विधाने मायदेशात अंगाशी आली.

आम्हांला सर्वांत भावलेला भाग नुसरत फतेह अली खान यांचा. इम्रान खान यांच्या कर्करोग रुग्णालयासाठी निधी गोळा करताना सलमान यांना त्यांच्याबरोबर वाजवण्याचा योग आला. रॉकमध्ये रिफ म्हणतात, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा लहानसा तुकडा. कव्वालीत तकरार असते. एकच मिसरा हमनवा उचलून धरतात आणि ऐकणारा त्यात बुडेपर्यंत सोडत नाहीत. दोन्हीकडे पुनरावृत्ती आहे, दोन्हीकडे ताल टाळीच्या अंगाने चढत जातो. जुनूनने ढोलक, तबला आणि गिटार एकत्र आणले ते नुसते कलम नव्हते. या दोन परंपरांत आधीच एक चोरवाट होती, ती त्यांना सापडली. १९९९ च्या 'परवाज' मध्ये बुल्लेशाहांचा कलाम या वाटेने येतो आणि परका वाटत नाही.

पण हे आम्ही अल्बम ऐकून लिहीत आहोत. पुस्तकातून एवढे हाती लागत नाही. आत्मचरित्र जसजसे पुढे जाते तसतसा वादक मागे पडतो आणि शांतिदूत पुढे येतो. परिषदा, व्यासपीठे, संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहातील कार्यक्रम. पाश्चात्त्य वाचकाला जिहाद या शब्दाचा बरा अर्थ समजावून सांगण्यात पाने खर्ची पडतात. समजावणे गरजेचे असेल. पण समजावण्याच्या सुरात लिहिलेले पुस्तक घरच्या माणसांना उपाशी ठेवते. शिवाय बँड तिघांचा होता, आणि बोलतो येथे एकटाच.

याच कहाणीत एक माणूस असा आहे की जो या साऱ्या चौकटी मोडतो. १९८७ मध्ये 'दिल दिल पाकिस्तान' गाणारे व्हायटल साइन्सचे जुनैद जमशेद. लोकप्रियतेच्या शिखरावरून ते तबलीगच्या वाटेला लागले, वाद्ये सोडली आणि नात गाऊ लागले. ७ डिसेंबर २०१६ रोजी विमान अपघातात त्यांचा इंतकाल झाला. संगीत म्हणजे सुटका आणि धर्म म्हणजे कैद, असे मानून लिहिलेल्या इतिहासात या माणसाला जागाच उरत नाही. तो फार तर हरलेला मोहरा ठरतो. आपल्यातील कित्येक घरांत मात्र त्यांच्या नाती रमजानमध्ये लागतात, आणि ऐकणाऱ्यांना त्यांची जुनी गाणी ठाऊक असतातच असे नाही. गिटार गेली, कीबोर्ड गेला, पण शब्दाच्या शेवटी स्वर हलकेच सोडून देण्याची त्यांची रीत तीच राहिली. १९८७ चे गाणे आणि २००५ च्या 'जल्वा-ए-जानाँ' मधील नात एकापाठोपाठ ऐका. हराम-हलालच्या वादात आपली बाजू कोणतीही असो, कानाला हे सातत्य कळते. संगीताच्या इतिहासकाराचे खरे काम येथे आहे.

असे काम होऊ शकते याचा थोडा पुरावा तुर्कस्तानच्या कहाणीत मिळतो. स्पायसर मुळात संगीतसमीक्षक आहेत आणि तबकड्या ऐकून लिहितात. त्यांचा काळ १९६५ ते १९८०. 'हुर्रियत' या वर्तमानपत्राने १९६५ मध्ये 'सोनेरी मायक्रोफोन' नावाची स्पर्धा काढली. अट अशी की वाद्ये पाश्चात्त्य चालतील, पण गाणे तुर्की हवे. विजेत्यांच्या तबकड्या निघत आणि त्यांना देशभर कार्यक्रम मिळत. एका स्पर्धेच्या एका अटीने इस्तंबूलच्या मुलांना अनातोलियाच्या लोकगीतांकडे वळवले. बगलामा या तंतुवाद्याला वीज जोडण्याचे श्रेय एरकिन कोराय यांना दिले जाते, आणि गिटारच्या पडद्यांमध्ये हरवणाऱ्या सुरांचा प्रश्न तेथे वाद्यातच सोडवला गेला. मग १९८० चे लष्करी बंड आले. जर्मनीत असलेल्या जेम काराजा यांचे नागरिकत्व १९८३ मध्ये काढून घेतले गेले. १९८७ मध्ये ते परतले. हा अन्याय वाचताना आपला जीव तुटतो, कारण काय हिरावले गेले हे तोवर आपण ऐकलेले असते. लेव्हाइन यांच्याकडे हा क्रम उलटा आहे.

मुंबईचाही एक इतिहास लिहिला गेला आहे. सिद्धार्थ भाटिया यांचे 'इंडिया सायकेडेलिक' (२०१४) १९६० आणि ७० च्या दशकांतील आपल्या शहरांतल्या, इंग्रजीत गाणाऱ्या बँडविषयी आहे. एका सिगारेट कंपनीने भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेपासून त्या वेळच्या तरुणांच्या मासिकांपर्यंत बरेच त्यात आहे. ते आठवणींच्या उबेत लिहिलेले, वाचायला सुखद पुस्तक आहे. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

जुनूनची बरीच गाणी साबिर जफर या उर्दू शायरांनी लिहिली. गझलेचा माणूस. त्याच्या मिसऱ्यांना इलेक्ट्रिक गिटारच्या तालात बसवताना कुठली मात्रा ओढावी लागली, कुठला शब्द बदलावा लागला, चाल आधी होती की शब्द, यावर एक प्रकरण कुणी लिहिले तर आम्ही ते आधी वाचू आणि बंदीची प्रकरणे मागाहून.