तंतुयुक्त काँक्रीटची तुळई : एका सिद्धान्ताचे परीक्षण

काँक्रीट दाब सहन करते, ताण सहन करीत नाही. हे वैगुण्य झाकण्यासाठी त्यात पोलादी गज घालण्याची रीत आता जुनी झाली. त्याच वैगुण्यावर दुसरा उपाय म्हणून आखूड पोलादी अथवा कृत्रिम तंतू काँक्रीटमध्येच कालवावेत, ह्या विचारावर गेल्या साठ वर्षांत विपुल संशोधन झाले आहे. मातीच्या गिलाव्यात भुसा मिसळणाऱ्या आपल्या गवंड्याला ही कल्पना मुळीच नवी वाटणार नाही. परंतु कल्पना जुनी आहे एवढ्यावरून तिच्यासंबंधीचे सर्व दावे सिद्ध होतात असे नव्हे.

ह्या संशोधनाला सैद्धान्तिक बैठक दिली ती रोमुआल्डी व बॅट्सन ह्यांच्या १९६३ च्या आणि रोमुआल्डी व मँडेल ह्यांच्या १९६४ च्या निबंधांनी. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : काँक्रीटमधील सूक्ष्म तडा पुढे सरकू पाहतो तेव्हा जवळचे तंतू त्याच्या टोकाला आवरून धरतात, म्हणून तंतूंमधील अंतर जितके कमी, तितका पहिला तडा पडण्यास लागणारा ताण अधिक. हे प्रमाण अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त असते असे त्यांनी गणिताने दाखविले. सिद्धान्त देखणा होता. प्रश्न तो खरा आहे काय, एवढाच होता.

साध्या हिशेबानेही त्याविषयी शंका उत्पन्न होते. काँक्रीट सुमारे एक दशसहस्रांश इतके ताणले गेले की त्यास तडा जातो. त्या क्षणी पोलादातील ताण दर चौरस मिलिमीटरला अवघा २० न्यूटन असतो. आकारमानाच्या एक टक्का तंतू घातले आणि ते सर्व ताणाच्या दिशेनेच पडले असे मानले, तरी त्यांचा वाटा ०·२ न्यूटन होतो. काँक्रीट स्वतः सुमारे ३ न्यूटन सोसत असते. म्हणजे ही भर फार तर पंधराव्या हिश्श्याची. आणि तंतू वाटेल त्या दिशेने पडत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. शाह व रंगन ह्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हेच दाखविले की, तंतूंचे खरे कार्य तडा पडण्यापूर्वी नसून नंतर सुरू होते. तड्याच्या दोन्ही काठांना तंतू सांधून धरतात, हळूहळू उपटले जातात, आणि त्या उपटण्यात शक्ती खर्ची पडते. सामर्थ्याहून चिवटपणा वाढतो तो असा.

हा भेद केवळ शाब्दिक नाही; तुळईची सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे. वाकण्यामुळे येणारा ताण तुळईच्या तळाशी एकवटतो. गज नेमका तेथेच व नेमक्या दिशेने ठेवता येतो. तंतू मात्र सर्वत्र विखुरतात, त्यांतील बरेचसे दाबाच्या भागात जातात. म्हणून मुख्य गजांची जागा तंतूंनी घ्यावी ही अपेक्षा अयोग्य होय. कर्तनाची गोष्ट निराळी. तेथे तडा तिरका जातो व त्याची नेमकी जागा आधी सांगता येत नाही. अशा ठिकाणी विखुरलेपण हाच गुण ठरतो. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या २००८ च्या संहितेने किमान रिंगांच्या ऐवजी पोलादी तंतू वापरण्यास मुभा दिली ती ह्याच आधारावर. परंतु तुळईची उंची सुमारे ६०० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि घनमीटरला निदान सुमारे ६० किलोग्रॅम तंतू असावेत, अशा अटी घालूनच.

कृत्रिम तंतूंविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. पॉलिप्रॉपिलीनची ताठरता काँक्रीटहूनही कमी असल्याने तडा पडण्यापूर्वी त्यापासून साहाय्य मिळत नाही. सतत भाराखाली ते सावकाश लांबत जाते, आणि सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते. मात्र ते गंजत नाही. ओल्या काँक्रीटच्या पृष्ठभागावरील आकुंचनाचे तडे ते रोखते. आणि आगीत वितळून वाफेला वाट करून देते, त्यामुळे काँक्रीटचे पापुद्रे उडणे कमी होते. हे गुण मोलाचे आहेत; पण ते तुळईचे भारवहन नव्हे.

असे असता पदव्युत्तर प्रबंधांत पुष्कळदा काय आढळते? शंभर मिलिमीटर रुंदीच्या तीन तुळया, त्यांत पन्नास मिलिमीटर लांबीचे तंतू, आणि शेवटी कमाल भार इतके टक्के वाढला हा निष्कर्ष! एवढ्या अरुंद साच्यात लांब तंतू भिंतींच्या कडेने सरळ होतात. मोठ्या तुळईत तसे होत नाही. तीन नमुन्यांतील विखुरही मोजलेल्या वाढीइतका असू शकतो. आणि कमाल भारानंतरचा जो आलेख पाहावयाचा, तेथेच नोंद थांबलेली असते.

रोमुआल्डी ह्यांचा सिद्धान्त टिकला नाही, तथापि त्याने विचारलेला प्रश्न फलदायी ठरला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. आता प्रश्नच बदलावयास हवा. तंतूंनी सामर्थ्य किती वाढले हे विचारण्यापेक्षा, तडा गेल्यावर किती सामर्थ्य उरले हे विचारावे. तुळईखाली वावरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे.