‘प्रत’ आणि ‘पेक्षा’ : तेजोमापनाच्या मराठी परिभाषेविषयी

ताऱ्यांच्या तेजस्वितेचा निर्देश करण्यासाठी मराठीत ‘प्रत’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द बाजारातला आहे. पहिल्या प्रतीचा तांदूळ उत्तम, दुसऱ्या प्रतीचा त्याहून उणा. त्यामुळे तारा जितका तेजस्वी तितका प्रतीचा आकडा लहान, ही व्यवस्था मराठी वाचकाला विनासायास उमगते. पाश्चात्त्य संज्ञेचा मूळ अर्थ ‘मोठेपणा’ असल्याने तिकडच्या विद्यार्थ्याला मात्र ती चकविते. आपल्या परिभाषाकारांची ही निवड मी यशस्वी मानतो. परंतु तिचे यश क्रमवाचक संख्येपुरतेच आहे. पाच प्रतींचे अंतर म्हणजे तेजात शंभरपट फरक, हे प्रमाण नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६ मध्ये सुचविले (हेच पॉग्सन १८६१ पासून मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते), आणि तेव्हापासून प्रत ही पायरी न राहता माप झाली. व्याधाची प्रत उणे १.४६ असे आपण लिहितो खरे, पण ‘उणे पहिल्या प्रतीचा तारा’ असे कोणी म्हणू धजणार नाही.

‘रूपविकारी तारा’ या संज्ञेविषयी मात्र एवढेही समाधान वाटत नाही. बदलते ते तेज, रूप नव्हे. शिवाय ‘विकार’ हा शब्द बदलाचे कारण ताऱ्याच्याच ठायी असल्याचे सुचवितो. अल्गॉल हा तारा सुमारे २ दिवस २१ तासांनी मंदावतो, तो जोडीदाराने झाकला गेल्यामुळे. मृग नक्षत्रातील काक्षी फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ प्रतीपर्यंत उतरला. त्याचे कारण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने थंडावलेला पृष्ठभाग आणि ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेली धूळ असे दिले. यातला विकार कोणता आणि आवरण कोणते? ‘चल तारा’ म्हणावे तर तारा जागचा हलतो असा भास होतो. ‘चलतेज तारा’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

खरा प्रश्न मात्र संज्ञेचा नसून वाक्याचा आहे. डोळ्याने वेध घेणाऱ्याला आकडा दिसत नाही. अमक्यापेक्षा हा उणा, तमक्यापेक्षा अधिक, एवढेच दिसते. आर्गेलांडर यांची पद्धती या तरतमभावावरच उभी आहे. दोन ताऱ्यांपैकी कधी हा, कधी तो किंचित उजळ भासला तर ते समान. प्रथमदर्शनी समान वाटून, पुन्हा पुन्हा निरखल्यावर एक जवळजवळ नेहमीच जेमतेम उजळ दिसला तर एक पायरी. येथे ‘जेमतेम’ आणि ‘जवळजवळ नेहमी’ हीच मोजपट्टी होय. आपले ‘पेक्षा’ हे अव्यय संस्कृत ‘अपेक्षा’पासून आले, हेही येथे सहज आठवते. कालची नोंद पाहून दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याच्या ‘पेक्षा’त पुन्हा ‘अपेक्षा’ शिरते. म्हणूनच निरीक्षकाने मागील अंदाज पाहू नयेत, असा दंडक आहे.

केवळ ‘८.३’ एवढेच टिपणारी वही या दृष्टीने अपुरी होय. तुलनेसाठी घेतलेल्या ताऱ्यांच्या प्रती कालांतराने सुधारल्या जातात. तुलना कोणाशी केली हे लिहिलेले असेल तरच जुना अंदाज दुरुस्त करता येतो. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी अमेरिकेतील निरीक्षक-संघाकडे ३७ हजारांहून अधिक वेध पाठविले. एवढ्या श्रमाचे मोल अशा तपशिलावर अवलंबून असते.

धूमकेतूच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. तारा बिंदुरूप, तर धूमकेतूचे तेज पसरट. म्हणून तुलनेचा तारा दुर्बिणीत मुद्दाम अस्पष्ट करून धूमकेतूएवढा पसरवावा लागतो. त्यातही लहान द्विनेत्रीतून आणि मोठ्या दुर्बिणीतून येणारे अंदाज जुळत नाहीत. तेथे ‘अमुक प्रतीचा धूमकेतू’ एवढेच लिहिणे म्हणजे कर्त्यावाचून क्रियापद लिहिणे होय. साधन, त्याचा व्यास आणि पद्धती यांचा उल्लेख वाक्यातच हवा.