चित्रग्रीवाची वाणी आणि त्याचे मौन

धनगोपाल मुखर्जी (१८९०–१९३६) यांची ‘गे-नेक’ ही इंग्रजी कथा १९२७ साली न्यू यॉर्क येथे प्रसिद्ध झाली आणि १९२८ साली तिला अमेरिकेतील बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले. कलकत्त्यातील एका मुलाने पाळलेले कबूतर हिमालयात भटकते, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर संदेशवाहक होते, जखमी होऊन परत येते आणि जखमा भरल्यावरही उडेनासे होते, एवढेच तिचे कथानक. तिची गणना बालवाङ्मयात होते. परंतु तिची निवेदनरचना प्रौढ वाचकानेही बारकाईने पाहावी अशी आहे.

‘गे-नेक’ हे नाव वस्तुतः ‘चित्रग्रीव’ या संस्कृत नावाचे भाषांतर होय. ज्याची ग्रीवा चित्र, म्हणजे रंगीबेरंगी, आहे तो चित्रग्रीव, असा हा सरळ बहुव्रीहि. ‘हितोपदेशा’तील मित्रलाभ प्रकरणाच्या आरंभी, गोदावरीकाठच्या शाल्मली वृक्षाची कथा ज्याने वाचली आहे त्याला हे नाव परके वाटणार नाही. जाळ्यात सापडलेल्या पारव्यांचा तो राजा. सर्वांनी एकजुटीने जाळ्यासह उडावे, असे तो सुचवितो, आणि मित्र हिरण्यक उंदीर पाश तोडावयास येतो तेव्हा आधी अनुयायांचे पाश तोडावयास सांगतो. मुखर्जींनी नाव घेतले, मैत्रीचे सूत्र घेतले. वाणी मात्र घेतली नाही. हितोपदेशातील चित्रग्रीव नीतिशास्त्र बोलतो. तेथे पक्षी का बोलतो, असा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण तो त्या कथाप्रकाराचा संकेतच आहे. मुखर्जींच्या कथेत मुख्य निवेदक मुलगा आहे. जे त्याने पाहिलेले नाही तेवढेच पक्षी प्रथमपुरुषात सांगतो, आणि त्यासाठी वाचकाने आपली कल्पनाशक्ती वापरावी, अशी लेखकाला विनंती करावी लागते.

येथे शब्दांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘पारवा’ हा शब्द संस्कृत ‘पारावत’ याचा वंशज. ‘कबूतर’ फारसीतून आलेला, परंतु संस्कृत ‘कपोत’ याचा दूरचा आप्त. मराठीत पारवा म्हणजे देवळाच्या शिखरावर वा विहिरीच्या कपारीत राहणारा मोकळा पक्षी, तर कबूतर म्हणजे बहुधा माणसाच्या खुराड्यातले. हितोपदेशाचा नायक पारवा आहे, मुखर्जींचा कबूतर. हा भेद केवळ कोशातला नाही. पाळीव कबूतर कोठूनही आपल्या घराकडे परतते, या एकाच स्वभावावर संदेशवहनाची सारी विद्या उभी आहे. आपल्या पायाला बांधलेल्या कागदात काय लिहिले आहे, याची पक्ष्याला वार्ताही नसते. ज्याला माणसे त्याचे कर्तव्य म्हणतात ते त्याच्या लेखी केवळ घरी जाणे असते.

चित्रग्रीवाला भय दोनदा ग्रासते. पहिल्यांदा हिमालयात, ससाण्याने त्याच्या आईला मारल्यावर. तो पळून जातो, सिंगालीलाजवळच्या मठातील लामा त्याला शांत करतात, पाकोळ्यांचा सहवास त्याला लाभतो. हा भाग, आपला ‘प्रवास’ म्हणून, पक्षी स्वतः सांगतो. दुसऱ्यांदा युद्धात. बरोबरचे हिरा हे कबूतर मारले जाते. चित्रग्रीव गोळीबारातून, यांत्रिक गरुडांसारख्या विमानांमधून वाट काढीत संदेश पोहोचवितो. तेही त्याच्याच मुखातून आपण ऐकतो. मात्र त्यानंतर त्याची वाणी थांबते. कलकत्त्यास आलेले, पंख न उघडणारे कबूतर आपल्याला दिसते ते मुलाच्या डोळ्यांनी. पराक्रमाला पक्ष्याचे शब्द मिळाले, भयाला मिळाले नाहीत. ही उणीव नसून या कथेचा सर्वांत समर्थ निर्णय आहे. उपजत वृत्तीच हरवलेला पक्षी ‘मी भ्यालो आहे’ असे म्हणू लागला असता तर ते भय तत्क्षणी माणसाचे झाले असते. बंद पंख हीच येथे पुरेशी भाषा ठरते.

घोंड या वृद्ध शिकाऱ्याची योजनाही याच दृष्टीने पाहावी. तोही रणभूमीवरून भय घेऊन परततो, त्यालाही मठात उपचारासाठी जावे लागते. दोघांचे दुखणे एक असल्यामुळे मुक्या पक्ष्याच्या वतीने बोलणारा एक माणूस लेखकाला मिळतो, तोही पक्ष्याला माणूस न बनविता. मुलगा आणि त्याचा मित्र राजा यांच्या मैत्रीपेक्षा हे नाते अधिक खोल आहे.

युद्धातील कबुतरांच्या इतर कथांशी तुलना केली म्हणजे याचे महत्त्व कळते. ऑक्टोबर १९१८ मध्ये आर्गोनच्या अरण्यात वेढल्या गेलेल्या अमेरिकन तुकडीचा संदेश आणल्याबद्दल ‘शेर आमी’ हे कबूतर प्रसिद्ध झाले. त्याचा एक पाय गेला, १९१९ साली ते मेले, आणि त्याचा पेंढा भरलेला देह वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात ठेवण्यात आला. संदेश पोहोचला, गौरव झाला, कथा संपली. मुखर्जींची कथा संदेश पोहोचल्यावर संपत नाही. तिचा खरा प्रश्न तेथून सुरू होतो. ज्या कामासाठी पक्ष्याला तयार केले ते संपले. आता त्याने का उडावे?

या प्रश्नाचे उत्तर मात्र लेखक लामांच्या मुखी देतो, आणि तेथे शैली सैल पडते. ध्यान, निर्भयता, द्वेषाचा त्याग यांविषयीचे उपदेश अमेरिकन वाचकाला पौर्वात्य ज्ञानाची ओळख करून देण्याच्या हेतूने लांबले आहेत. मधल्या प्रवासवर्णनांतही हा दोष डोकावतो. तेथे झाडांची व पशूंची माहिती कथेच्या गतीला खीळ घालते. तरीही रानरेड्याच्या प्रसंगात लेखक सावरतो. माणसे मारणाऱ्या या जनावराला घोंडने ठार करावे लागते, आणि त्या वधानंतर त्याला पुन्हा चित्तशुद्धीसाठी बसावे लागते. बरे होणे म्हणजे एकदा झाले की कायम टिकणारी अवस्था नव्हे, हे तेथे उपदेशाविना, केवळ घटनेच्या क्रमाने कळते. आणि चित्रग्रीव पुन्हा आकाशात झेपावतो तेव्हाही त्याच्या तोंडी एक शब्द घातलेला नाही.