एडिंबरातलं बंड, लंडनची सुगी

१९९२ साली एडिंबरात ‘रेबेल इंक’ हे अनियतकालिक निघालं. संपादक होते केव्हिन विल्यमसन. प्रस्थापितांना शिव्या घालत आलेल्या या अंकांनी आयर्विन वेल्श, अ‍ॅलन वॉर्नर यांचं सुरुवातीचं लेखन छापलं. सरकारी वसाहतींतली बोली, नशा, बेकारी, विनोद यांपैकी काहीही प्रमाण इंग्रजीत धुऊन घ्यायचं नाही, असा बाणा होता. विल्यमसन यांच्या लेखी हेच राजकारण होतं. गांजा कायदेशीर करावा, अशी भूमिका त्यांनी स्कॉटिश सोशालिस्ट पार्टीच्या वतीने मांडली. अमली पदार्थांच्या धोरणावर १९९७मध्ये पुस्तकही लिहिलं.

ही वाट आधीच थोडी मळली होती. अ‍ॅलस्डेर ग्रे यांची ‘लॅनार्क’ ही कादंबरी १९८१मध्ये ‘कॅननगेट’ने काढली, तर जेम्स केल्मन यांच्या कथा १९८३मध्ये ‘पॉलिगॉन’ने. दोन्ही प्रकाशनं एडिंबरातली. विल्यमसन यांनी या सुट्या प्रयत्नांना टोळीचं रूप दिलं. ‘चिल्ड्रन ऑफ अ‍ॅल्बियन रोव्हर्स’ या १९९६च्या संग्रहात वेल्श, वॉर्नर, लॉरा हर्ड, जेम्स मीक एकत्र भेटतात, ते त्यामुळेच.

तोवर ‘रेबेल इंक’ ‘कॅननगेट’च्या छत्राखाली गेलं होतं. त्यामुळे वितरण मिळालं. पुनर्मुद्रणांतून हॅमसुन, फँटे, ट्रॉकी हे जुने लेखक नव्या वाचकांपर्यंत पोचले. पण बंडाचा शिक्का झाला की तो विकायचाही माल होतो. पुनर्मुद्रणांच्या यादीत दारू, नशा आणि भटकंती यांत रमलेल्या पुरुषांचीच गर्दी दिसते. दुसरा दोष अधिक खोल होता. विल्यमसन यांनी अभिरुची बदलली, मालकी मात्र बदलली नाही. वेल्श यांची ‘ट्रेनस्पॉटिंग’ १९९३मध्ये लंडनच्या सेकर अँड वॉरबर्गने काढली. केल्मन यांची १९९४ची बुकर विजेती कादंबरीही त्याच प्रकाशनाची. २०२०मध्ये बुकर मिळवणारी डग्लस स्टुअर्ट यांची ‘शगी बेन’सुद्धा लंडनच्याच पिकॅडोरची. पेरणी इथली, सुगी तिथली.

आज स्कॉटिश प्रकाशनांच्या याद्यांत वैविध्य आलं आहे. एडिंबराची ‘चार्को’ लॅटिन अमेरिकी साहित्य इंग्रजीत आणते. हायलँड्समधल्या ‘सँडस्टोन’ने काढलेल्या, ओमानच्या जोखा अल्हार्थी यांच्या कादंबरीला २०१९चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. मात्र पारितोषिकांनी प्रकाशनसंस्था चालतेच असं नाही, आणि चांगली यादी असूनही संस्था बुडतात: ग्लासगोचं ‘फ्रेट’ २०१७मध्ये दिवाळखोरीत गेलं.

‘फ्रेट’नेच सुरू केलेलं ‘गटर’ हे नियतकालिक मात्र वाचलं, कारण ते सहकारी तत्त्वावर चालवायला घेतलं गेलं. ‘रेबेल इंक’च्या तुलनेत ते मवाळ वाटेल. पण ‘रेबेल इंक’ने हाती न घेतलेला मालकीचा प्रश्न त्याने घेतला आहे. स्कॉटिश प्रकाशनातलं आजचं खरं धाडस मला शिव्यांपेक्षा तिथे दिसतं.