मॅचिंग जमीन

मराठी माणूस कशाचीही समीक्षा करतो. नाटकाची करतो, दिवाळी अंकाची करतो, लग्नातल्या मठ्ठ्याची तर पानावरून उठायच्या आत करतो. पण ज्या जमिनीवर मांडी ठोकून हे सगळं चालतं, तिच्याकडे तो कधी समीक्षकाच्या नजरेनं बघत नाही. फरशी म्हणजे पुसायची वस्तू, एवढंच तिचं वाङ्मयीन स्थान. ही उणीव थोडी भरून काढावी म्हणून मी नुकतीच एक नमुनापुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचली. लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हायनिलच्या फळ्यांची.

पुस्तिका वजनदार आहे. म्हणजे खरोखरच, मांडीवर घेऊन वाचली तर पायाला मुंग्या येतात. प्रत्येक पानावर एक तुकडा चिकटवलेला आणि त्याखाली शीर्षक : रस्टिक ओक, नॉर्डिक ॲश, स्मोक्ड वॉलनट. ज्यांच्यासाठी ही पुस्तिका आणली होती ते राहतात तुर्भ्याला. तुर्भ्याच्या माणसाचा ओकशी संबंध फार तर क्रियापद म्हणून येतो. त्याची झाडं म्हणजे रस्त्याकडेचा सोनमोहोर आणि खाडीकाठची तिवरं. या दोघांना पुस्तिकेत एकही पान मिळालेलं नाही. दहाव्या पानानंतर 'ओल्ड टीक' नावाचं एक प्रकरण लागलं, तेव्हा कुठे परदेशात गाववाला भेटल्यासारखं वाटलं.

आता ही फळी म्हणजे काय, ते सांगतो. खाली पीव्हीसीचा थर. कडक जातीची असेल तर त्यात चुनखडीची भुकटी मिसळलेली. त्यावर लाकडाच्या फोटोचा छापील कागदासारखा पातळ पापुद्रा, आणि सगळ्यात वर पारदर्शक, झीज सोसणारा थर. घरगुती मालात हा वरचा थर साधारण ०.३ मिलिमीटर असतो. थोडक्यात, ही जमीन नव्हे, जमिनीची तसबीर आहे. तसबीर आपण भिंतीवर लावतो आणि हार घालतो. इथे ती खाली अंथरून तिच्यावरून चालायचं, एवढाच फरक. मूळ पदार्थ काही नवा नाही. अमेरिकेत वॉल्डो सेमन नावाच्या रसायनतज्ज्ञानं १९२६ साली ताठर पीव्हीसीला मऊ आणि लवचिक केलं, आणि १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याच्या फरश्या लोकांना दाखवल्याही गेल्या. तेव्हापासून बिचारा दुसऱ्या कुणासारखा तरी दिसायची धडपड करतो आहे. कधी संगमरवर, कधी विटा, आता लाकूड.

तसबीर सुरेख आहे, हे कबूल केलं पाहिजे. रेषा आहेत, गाठी आहेत, बोट फिरवलं तर खरखरही लागते. पण एक-दोन फळ्या बघून या कलेची परीक्षा होत नाही. पूर्ण खोली बघावी लागते. जुन्या संगीत नाटकांत चार सैनिक विंगेतून जात आणि मागच्या बाजूनं वळसा घालून पुन्हा प्रवेश करत, की झालं सैन्य. या जमिनीचं तसंच आहे. दारापाशी एक डोळ्याच्या आकाराची गाठ दिसली होती, ती पलंगापाशी पुन्हा भेटते, खिडकीखाली तिसऱ्यांदा भेटते. छापायचे फोटो मोजकेच असतात. बसवणारा जाणकार असेल तर फळ्या खोक्याखोक्यांतून मिसळून लावतो आणि जुळी भावंडं लांब लांब ठेवतो. नसेल तर ती शेजारी शेजारी बसतात आणि रात्री झोप येईना झाली की माणूस त्या गाठी मोजत राहतो.

नुसती तसबीर असती तर प्रश्न नव्हता. प्रश्न आला तो मामांच्या घरात खरा साग आधीच बसलेला होता म्हणून.

मामा तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. कोकणातलं घर उतरवलं तेव्हा भावांनी भांडी वाटून घेतली, मामांनी माडीच्या फळ्या मागून घेतल्या. त्या टेम्पोनं आणल्या आणि मोझॅकवर रीपा ठोकून हॉलमध्ये बसवल्या. जमीन दोन इंच वर आली, सगळ्या दारांच्या खालच्या कडा कापाव्या लागल्या आणि मामी पुढचं वर्षभर ठेचकाळल्या. पण त्या फळ्यांवर आजोबांच्या आरामखुर्चीचे दोन चर आहेत. आता आतल्या खोल्यांचं मोझॅक तडकलं, तेव्हा मामेभावानं व्हायनिलची टूम काढली आणि मला बोलावणं आलं. "दादा, तू सांग, हॉलशी कोणतं मॅच होतं?" असं तो म्हणाला. मामा तेव्हा काही बोलले नाहीत. तो आत गेल्यावर हळूच म्हणाले, "अरे, जुळलं की संपलं. आज खोल्यांत घालतील. उद्या म्हणतील, सारखंच तर दिसतंय, हॉलमध्येही तेच टाका. वरूनच टाकता येतं म्हणे."

ही भीती अगदीच वेडगळ नाही. नक्कल चांगली असली की अस्सलाची गरज काय, असा प्रश्न निघतोच.

मी त्या 'ओल्ड टीक'ला सागाशेजारी ठेवून पाहिलं. संध्याकाळी दिव्याखाली भाऊ-भाऊ वाटले; सकाळी खिडकीच्या उजेडात त्यांची ओळखही नव्हती. यात आश्चर्य नाही. सागाचा रंग उजेडानं, तेलानं, पायांनी वर्षानुवर्षं बदलत जातो. मामांचं कपाट हलवलं तर खाली वेगळ्याच रंगाचा चौकोन निघतो. फोटोतला साग मात्र ज्या दिवशी फोटो काढला त्याच दिवशी थांबला. उन्हात तो फिका पडेल, पण पिकणार नाही. तेव्हा आज नेमका जुळणारा तुकडा मिळाला तरी पाच वर्षांनी ते दोघे एकमेकांपासून फुटणारच, आणि जवळजवळ जुळणाऱ्या रंगासारखं डोळ्यांना खुपणारं दुसरं काही नाही. निळसर राखाडी 'नॉर्डिक' प्रकार तर त्याहून वाईट. सागात पिवळा-तांबूस अंश असतो. त्याच्याशेजारी राखाडी फळी ठेवली की फळी आजारी दिसते आणि साग काविळीचा.

या बाबतीतला सर्वांत मोठा अधिकार दुकानदाराकडे नाही, मामींकडे आहे. दादरच्या मॅचिंग सेंटरमध्ये त्यांनी उमेदीची अनेक वर्षं घालवली आहेत. तिथला पहिला नियम असा, की दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही. कापड घेऊन पायरीवर यायचं आणि उजेडात बघायचं. आणि दुसरा नियम मामींनी पोळ्या लाटता लाटता सांगितला. "अरे, ब्लाउज अंगाला मॅच नाही करायचा, काठाला करायचा. अंगाला केला तर पातळ संपतं कुठे न् ब्लाउज सुरू होतो कुठे, काही कळत नाही." फरशांवरच्या सगळ्या सल्ल्यांत मला हा एक पटला. नव्या जमिनीनं जुन्या जमिनीशी जुळू नये; दाराच्या चौकटीशी, भिंतीलगतच्या पट्टीशी जुळावं, आणि जमिनीहून स्वच्छ दोन-तीन छटा वेगळं असावं. वेगळं आहे ते मुद्दाम आहे, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

खरं तर हे तुर्भ्याच्या माणसाला बाहेर कुणी शिकवायला नको. त्याचं गावच तीन-चार जमिनी एकमेकींशेजारी टाकून झालेलं आहे. आग्री-कोळ्यांचं जुनं गावठाण, त्याला लागून कारखान्यांचा पट्टा, १९७० साली सिडको आल्यावर आखलेले सेक्टर, आणि मुंबईतून हलवलेला घाऊक बाजार. या बाजाराला सारं जग वाशीचा बाजार म्हणतं, कांद्याची सालं मात्र तुर्भ्यात उडतात. २००४ मध्ये ठाणे–वाशी गाड्या सुरू झाल्या आणि स्टेशनही मिळालं. यातलं काहीही कशाशी मॅच होत नाही. गावठाणातल्या गल्ल्यांना सेक्टरांसारखं दाखवायचा प्रयत्न जिथे जिथे झाला, तिथे पुढे काय झालं ते पावसाळ्यात जाऊन पाहावं.

आणि व्हायनिलवर अन्यायही करायचा नाही. तुर्भ्याच्या पावसात साग फुगतो, दार अडकतं, रीपांत वाळवी शिरेल या धास्तीनं मामा दर जूनमध्ये टॉर्च घेऊन पालथे पडतात. व्हायनिलला यातलं काही होत नाही. पाणी सांडलं, पुसलं, संपलं. मोझॅकपेक्षा ते पायाला मऊ आणि थंडीत कमी गार; मामींच्या गुडघ्यांचं मत पूर्णपणे त्याच्या बाजूचं आहे. गरम तवा मात्र त्यावर टेकवायचा नाही आणि रबराच्या पाठीचं पायपुसणं टाकायचं नाही, नाहीतर पिवळा डाग पडतो तो कायमचा. शिवाय एकदा ओरखडा खोल गेला की गेला. सागावर रंधा मारता येतो. फोटोवर मारला तर खालून चुनखडी येते.

माझा निकाल मी लेखी दिला : आतल्या खोल्यांत लाकडाचा कसलाही आव न आणणारं, साधं, मातकट रंगाचं, शहाबादीची आठवण देणारं व्हायनिल. मामेभावाला जरा फिकं वाटलं, सूनबाईंना पुसायला सोपं वाटलं. मामांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

राहिला तो दोन इंचांचा फरक. दुकानदारानं ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी सुचवली. ती दोन इंच चढायला तयार नव्हती. दोन जमिनी जिथे भेटतात तिथे काय करायचं, हे आपल्या घरांनी फार पूर्वी ठरवून टाकलेलं आहे. त्याला उंबरठा म्हणतात. फ्लॅटवाल्यांनी तो काढून टाकला आणि न्हाणीघराच्या दाराशी संगमरवराच्या पट्टीपुरता शिल्लक ठेवला. माडीची एक फळी माळ्यावर पडून होती. सुतारानं ती तासून, आतल्या बाजूला उतार देऊन, दोन्ही दारांत बसवली. मामी तिला रोज सकाळी हळदीकुंकू लावतात. सूनबाईंनी जमीन पुसायला एक गोल, आपोआप फिरणारं यंत्र आणलं आहे. ते खोलीभर हिंडून उंबरठ्यापाशी येतं, एकदा धडकतं, थोडा विचार करतं आणि आल्या वाटेनं परत जातं. हॉल अजून मामाच पुसतात.