रूपक आणि मेंदूजाळे : जाँ-दोमिनिक बोबी यांच्या आत्मकथनाची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : जाणीव, मेंदूजाळे, लॉक्ड-इन सिंड्रोम, रूपक, आत्मकथन

प्रास्ताविक

आजारपणाची आत्मकथने बहुधा जिद्दीची कहाणी म्हणून वाचली जातात. इंग्रजीत ‘द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय’ या नावाने परिचित असलेले जाँ-दोमिनिक बोबी यांचे १९९७ मधील फ्रेंच आत्मकथन याला अपवाद ठरलेले नाही. ‘एल’ मासिकाचे संपादक असलेल्या बोबींना डिसेंबर १९९५ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, पक्षाघाताचा झटका आला. मस्तिष्कस्तंभाला इजा झाली. सुमारे वीस दिवस ते कोमात होते आणि पूर्ण भानावर येण्यास आणखी काही आठवडे गेले. तेव्हा संवादासाठी डाव्या डोळ्याची पापणी तेवढी उरली होती. समोरच्या व्यक्तीने एकेक अक्षर उच्चारावे आणि हवे ते अक्षर येताच बोबींनी पापणी मिटावी, अशा रीतीने १९९६ च्या उन्हाळ्यात हे पुस्तक सिद्ध झाले. प्रस्तुत लेखात या जिद्दीपेक्षा पुस्तकाच्या शीर्षकातील रूपकाचा विचार केला आहे.

रूपकाचे आकर्षण आणि मर्यादा

देह म्हणजे जड आवरण आणि मन म्हणजे स्वच्छंद फुलपाखरू, असे हे रूपक आहे. मूळ शीर्षकातील ‘स्काफाँद्र’ हा शब्द पाणबुड्याच्या अंगभर पोशाखासाठी आहे. इंग्रजी अनुवादात त्याची ‘घंटा’ झाली आणि कोंडलेपणाचा भाव अधिक गडद झाला. देहाचा पिंजरा आणि प्राणपाखरू ही कल्पना मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेली असल्याने हे द्वैत त्याला सहज पटते.

परंतु पुस्तकातील सर्वांत जिवंत पाने या द्वैताला छेद देतात. नाकावर बसलेली माशी हाकलता न येणे, आंघोळीच्या वेळी एकाच क्षणी दाटून येणारे सुख आणि दुःख, समुद्रकिनाऱ्यावरील तळलेल्या बटाट्यांचा वास, चवींच्या आठवणींवर रचलेल्या मेजवान्या, हे सारे देहाचेच अनुभव आहेत. फुलपाखरू जेथे जेथे उडते, तेथे तेथे त्याला देहाचीच स्मृती नेते. लेखकाचे रूपक एक सांगते आणि लेखकाचे गद्य दुसरे. यातील गद्य अधिक विश्वसनीय आहे.

मेंदूजाळ्यांची साक्ष

मेंदूविज्ञानही गद्याच्याच बाजूने साक्ष देते. ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’ ही संज्ञा प्लम आणि पोस्नर यांनी १९६६ मध्ये रूढ केली. यात सामान्यतः मस्तिष्कस्तंभातील सेतू या भागाच्या पुढच्या बाजूस इजा होते. कॉर्टेक्सकडून स्नायूंकडे जाणारे आज्ञामार्ग तेथेच तुटतात. पापणी उचलण्याचे आणि डोळे वर-खाली हलवण्याचे नियंत्रण त्याहून वर, मध्यमेंदूत असल्याने ते वाचते. जागृती टिकवणारे जाळे मस्तिष्कस्तंभाच्या मागच्या बाजूने थॅलॅमसकडे व पुढे कॉर्टेक्सकडे जाते. तेही शाबूत राहते. इजा थोडी मागे सरकली असती, तर फुलपाखरूही उरले नसते. म्हणजेच मन आवरणातून निसटलेले नव्हते. देहाच्याच एका अक्षत जाळ्यावर ते उभे होते.

जागे असणे आणि जाणीव असणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. ‘व्हेजिटेटिव्ह’ अवस्थेत डोळे उघडतात, झोप-जागेचे चक्र चालते, पण जाणिवेची खूण दिसत नाही. विश्रांतीच्या वेळी परस्परांशी जोडून कार्य करणाऱ्या ‘डिफॉल्ट मोड’ जाळ्यातील दुवे अशा रुग्णांत क्षीण झालेले, तर लॉक्ड-इन रुग्णात निरोगी व्यक्तींप्रमाणेच टिकलेले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

‘भाजीपाला’ या शब्दाचा प्रश्न

पॅरिसमधील एका कॅफेत आपला उल्लेख ‘भाजीपाला’ असा झाल्याचे कळताच बोबी व्यथित होतात. आपली बुद्धी भाजीपेक्षा वरची आहे हे सिद्ध करण्यासाठी ते मित्रांना पत्रे धाडू लागतात. पुस्तकातील हा उपरोध धारदार आहे, पण चिकित्सेची खरी जागाही हीच आहे. त्यांचा आक्षेप तो शब्द आपल्याला लावण्याला आहे. ज्यांना काहीच सिद्ध करता येत नाही त्यांना तो लावावा काय, हा प्रश्न पुस्तक विचारीत नाही.

तो प्रश्न पुढे विज्ञानाने विचारला. २००६ मध्ये एड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी ‘व्हेजिटेटिव्ह’ ठरवलेल्या एका तरुणीस टेनिस खेळत असल्याची कल्पना करण्यास सांगितले. तिच्या मेंदूत निरोगी व्यक्तींसारखीच सक्रियता दिसली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात आज्ञेला दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ पैकी ६० रुग्णांत मेंदूच्या पातळीवर प्रतिसाद आढळला. या रुग्णांपाशी बोबींची पापणीही नव्हती. ‘व्हेजिटेटिव्ह’ या शब्दाऐवजी ‘प्रतिसादहीन जागृतावस्था’ या अर्थाची संज्ञा २०१० मध्ये सुचवली गेली, ती या शब्दातील अवहेलना टाळण्यासाठीच. अर्थात, असा प्रतिसाद न मिळणे हा जाणीव नसल्याचा पुरावा ठरत नाही. यंत्रासमोर निरोगी माणसेही कधी कधी या कसोटीस उतरत नाहीत.

समारोप

बोबींच्या पुस्तकाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. हालचाल म्हणजे जाणीव हे समीकरण त्यांनी स्वतःच्या एका पापणीने मोडून काढले. मात्र त्यातील रूपकाला सिद्धांत मानल्यास, ज्याचे मन बोलू शकते तोच माणूस, असा निष्कर्ष नकळत निघतो. पापणी मिटण्याची वाट पाहत अक्षरे उच्चारणारी व्यक्ती समोर नसती, तर बोबीही इतरांच्या लेखी ‘भाजीपाला’च राहिले असते. जाणीव मेंदूतील जाळ्यांवर उभी असते, पण तिची ओळख ऐकणाऱ्याच्या धीरावर अवलंबून असते. हे या पुस्तकाच्या निर्मितीप्रक्रियेने शिकवले आहे, त्याच्या शीर्षकाने नव्हे.